वेग कोणाचा, मजा कोणाची?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मोटारगाड्यांचे वेड असलेली चार माणसे एकत्र बसवा आणि एकच प्रश्न टाका : विजेवर चालणारी गाडी भारी की पेट्रोलवरची सुपरकार? समोरचा चहा गार होईल, पण वाद संपणार नाही. एक जण सेकंदांचे आकडे तोंडावर फेकेल. दुसरा म्हणेल, ‘ते सगळं खरं, पण त्या इंजिनाच्या आवाजाचं काय?’ तासभर ऐकल्यावर लक्षात येते की दोघे भांडत असले तरी ते एका प्रश्नावर भांडत नाहीत. पहिला वेगाबद्दल बोलतो आहे, दुसरा मजेबद्दल. शंभर वर्षे या दोन गोष्टी एकाच गाडीत नांदल्या, त्यामुळे त्या एकच आहेत असे आपण धरून चाललो. विजेच्या गाडीने त्यांची फारकत केली. आज मला बोलायचे आहे ते या फारकतीविषयी.

विजेची गाडी ही काल-परवाची गोष्ट आहे असा आपला समज असतो. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या वाहनाने ताशी शंभर किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तो विजेच्या बळावर. साल होते १८९९, जागा पॅरिसजवळचे आशेर. कामीय जेनात्झी नावाचा बेल्जियन गृहस्थ पाणतीराच्या आकाराच्या एका गाडीवर जवळजवळ घोड्यावर बसावे तसा बसला आणि त्याने ताशी १०५.८८ किलोमीटरचा वेग गाठला. गाडीचे नाव होते ‘ला जामे कोंतांत’, म्हणजे ‘कधीच समाधान न पावणारी’. या विक्रमासाठी त्याची चुरस होती एका फ्रेंच सरदाराशी, आणि त्याचीही गाडी विजेवरचीच होती! पेट्रोलची गाडी या शर्यतीत आली ती मागाहून. १९०२ मध्ये आधी वाफेच्या गाडीने आणि मग पेट्रोलच्या गाडीने हा मान हिरावून घेतला.

पुढे पेट्रोल जिंकले त्याचे कारण साधे होते. टाकी भरली की लांब जाता येई. हँडल मारून गाडी सुरू करणे हे मात्र मोठे कष्टाचे आणि मनगट मोडण्याचे काम होते. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर आला आणि तीही अडचण दूर झाली. विजेच्या गाडीला बाजारातून हुसकायला विजेच्याच एका छोट्या मोटरीने हातभार लावला, असा हा सगळा गमतीचा इतिहास.

आता विजेची गाडी परत आली आहे, आणि या खेपेला तिने पहिला घाव घातला तो सुपरकारच्या वर्मावर : थांबलेल्या गाडीने वेग घेण्याच्या क्षमतेवर. हे कसे घडते ते समजून घ्यायला मुंबईकरांना फार लांब जायला नको. १९२५ पासून मुंबईत विजेची लोकल धावते. लोकल फलाटावरून सुटते तेव्हा दारातला माणूस दांडी धरतो, कारण त्याला झटका माहीत असतो. डिझेल इंजिनाची लांब पल्ल्याची गाडी मात्र आधी हुंकार देते, मग हलते, मग सावकाश वेग घेते.

पेट्रोलच्या इंजिनाचे असेच आहे. ते थांबलेले असताना त्याच्यात जोर शून्य. ते स्वतः काही हजार फेरे घेऊ लागले म्हणजे त्याची खरी ताकद बाहेर पडते. म्हणून तर क्लच आणि गिअर यांचा खटाटोप. सायकलवर जड गिअर टाकून चढावर उभ्याने सुरुवात करून पाहा, म्हणजे इंजिनाचे दुःख कळेल. विजेच्या मोटरीला हे दुःख नाही. चाक स्थिर असतानाच ती आपला पुरता पीळ, म्हणजे ज्याला टॉर्क म्हणतात तो, देऊ शकते. बहुतेक विजेच्या गाड्यांना बदलायला गिअरच नसतात. शिवाय चार चाकांना चार मोटरी लावल्या, तर कोणते चाक घसरू लागले आहे हे पाहून संगणक प्रत्येक चाकाचा जोर क्षणार्धात कमी-जास्त करतो. कितीही पट्टीचा चालक असला तरी त्याच्या पायाला हे जमणार नाही.

याचा परिणाम काय झाला ते एका गाडीवरून पाहू. क्रोएशियातल्या रिमात्स कंपनीची नेव्हेरा नावाची गाडी आहे. नेव्हेरा म्हणजे एड्रियाटिक समुद्रावर अचानक उठणारे वादळ. चार मोटरी, १,९१४ अश्वशक्ती. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरला कंपनीने दिलेला आकडा सुमारे १.८ सेकंद. हा आकडा ऐकून सोडून देण्यासारखा नाही. तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून दगड सोडला, तर जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी शंभरच्या आसपास असतो, आणि तिथवर पोहोचायला त्याला जवळजवळ तीन सेकंद लागतात. म्हणजे ही गाडी आडव्या रस्त्यावर, खाली पडणाऱ्या दगडापेक्षा लवकर शंभर गाठते. पृथ्वी दगडाला ओढते त्याच्या दीडपट जोराने ही गाडी आत बसलेल्या माणसाला पुढे ढकलते.

विजेच्या गाडीच्या बाजूने आणखी एक साक्ष काढतो. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात पाइक्स पीक नावाचा डोंगर आहे. त्याच्या वीस किलोमीटरच्या, १५६ वळणांच्या घाटात दरवर्षी चढाची शर्यत होते. सुरुवात २,८०० मीटरच्या वर, शेवट ४,३०० मीटरवर. वर जावे तशी हवा विरळ होते. पेट्रोलच्या इंजिनाला पेट्रोलइतकीच हवा लागते, त्यामुळे प्रत्येक वळणागणिक त्याचा दम कमी होत जातो. २०१३ मध्ये सेबास्तियन लोब या फ्रेंच चालकाने ८७५ अश्वशक्तीची प्यूजो गाडी ८ मिनिटे १३ सेकंदांत वर नेली, तेव्हा हा विक्रम आता बरीच वर्षे टिकणार असे वाटले होते. २०१८ मध्ये रोमँ द्यूमा याने फोक्सवॅगनची ६८० अश्वशक्तीची विजेची गाडी ७ मिनिटे ५७ सेकंदांत शिखरावर पोहोचवली. अश्वशक्ती कमी, वेळही कमी! विजेच्या मोटरीला श्वास घ्यावा लागत नाही, हे त्या डोंगराने सिद्ध केले.

मग सामना संपला का? नाही. आता दुसऱ्या बाजूचे ऐका.

जर्मनीत न्यूर्बुर्गरिंग नावाचा शर्यतीचा जुना मार्ग आहे. एक फेरी २०.८ किलोमीटरची. जंगलातून, चढउतारांवरून, डोळ्यांना न दिसणाऱ्या वळणांवरून जाणारा हा रस्ता म्हणजे गाड्यांची बोर्डाची परीक्षाच. २०२१ मध्ये पोर्शच्या ९११ जीटी३ या गाडीने ही फेरी ६ मिनिटे ५९.९ सेकंदांत पुरी केली. त्या गाडीत पेट्रोलचे साधे, टर्बो नसलेले, ५१० अश्वशक्तीचे इंजिन. दोन वर्षांनी आपली नेव्हेरा त्याच रस्त्यावर उतरली. तिला वेळ लागला ७ मिनिटे ५.३ सेकंद. जवळजवळ चौपट ताकद असूनही पाच सेकंद मागे. २०२५ मध्ये चीनच्या बीवायडी कंपनीच्या यांगवांग यू९ एक्स्ट्रीम या विजेच्या गाडीने ही फेरी सात मिनिटांच्या आत आणली, पण त्यासाठी तिला सुमारे तीन हजार अश्वशक्ती लागली.

हे असे का, याचे उत्तर आपल्या विजेच्या बिलाच्या भाषेत देता येईल. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे बारा युनिट ऊर्जा असते. एक किलो बॅटरीत ती पाव युनिटही धड मावत नाही. इंजिन आपल्या वाट्याच्या ऊर्जेतली निम्म्याहून जास्त उष्णतेच्या रूपाने उधळून टाकते आणि मोटर मात्र नव्वद टक्क्यांच्या आसपास कामी लावते. तरीही हा फरक भरून निघत नाही. नेव्हेराची बॅटरी १२० युनिटांची आहे. एखाद्या मध्यमवर्गीय घराला महिनाभर पुरेल इतकी वीज तिच्या पोटात, पण त्यामुळे गाडीचे वजन दोन टनांच्या वर. ती जीटी३ दीड टनाच्याही आत. सरळ रस्त्यावर वजन ताकदीने झाकता येते. वळणावर येत नाही. वळणाआधी ब्रेक लावताना, वळणात गाडी बाहेर फेकली जात असताना, प्रत्येक किलो आपला हिशेब मागतो. त्यातून बॅटरी तापते. तापली की संगणक तिला जपण्यासाठी जोर कमी करतो. पेट्रोलची गाडी दोन मिनिटांत टाकी भरून पुन्हा शर्यतीत उतरते, तेव्हा विजेची गाडी अजून चार्जरला बांधलेली असते.

कमाल वेगाचे काय? इथे वाऱ्याचे राज्य सुरू होते. वेग दुप्पट करायचा तर वाऱ्याला कापायला आठपट ताकद लागते. २००५ मध्ये आलेली बुगाटी वेरॉन ही गाडी म्हणूनच १,००१ अश्वशक्तीची होती आणि ताशी चारशेच्या वर जात होती. पूर्ण वेगाने पळवली तर तिची शंभर लिटरची टाकी सुमारे बारा मिनिटांत रिकामी होते, आणि टायर पंधरा मिनिटांत संपतात, असे सांगितले जाई. टायर फुटण्याआधी पेट्रोल संपते ही देवाची कृपा! तिच्याच वंशातल्या शिरॉनने २०१९ मध्ये जर्मनीतल्या एका चाचणी मार्गावर ताशी ४९० किलोमीटर गाठले. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच यांगवांग यू९ एक्स्ट्रीमने जर्मनीतच ४९६ गाठून तो आकडा मागे टाकला. पण शून्यातून चारशे आणि पुन्हा शून्य, अशी एक वेगळी कसोटी आहे. २०२५ मध्ये आधी नेव्हेराच्या नव्या आवृत्तीने ती सव्वीस सेकंदांच्या आत पुरी केली आणि त्याच वर्षी स्वीडनच्या कोनिगसेग कंपनीच्या जेस्को या इंजिनवाल्या गाडीने सव्वापंचवीसच्या आत येऊन तिला हरवले. जेस्कोला ताकद मिळते ती फक्त मागच्या दोन चाकांवर.

तेव्हा वेगापुरता निकाल असा : थांबलेल्या जागेवरून सुटताना विजेची गाडी निर्विवाद पुढे. अतिवेगात दोघी तुल्यबळ. आणि लांब, वळणावळणाच्या, पुन्हापुन्हा पळायच्या रस्त्यावर हलकी पेट्रोलची गाडी अजून मान राखून आहे. बॅटऱ्या हलक्या होत जातील तशी ही बाजूही ढासळत जाईल, हे आज उघड दिसते.

आणि इथेच गोष्टीला कलाटणी मिळते. ती कलाटणी दिली आहे नेव्हेरा बनवणाऱ्या माणसानेच.

माते रिमात्स हा १९८८ साली जन्मलेला तरुण. क्रोएशियात मोटारींचा उद्योग असा नव्हताच. अठरा-एकोणिसाव्या वर्षी त्याने १९८४ सालची एक जुनी बीएमडब्ल्यू शर्यतीसाठी घेतली. शर्यतीत तिचे इंजिन फुटले. दुसरे इंजिन आणण्याऐवजी त्याने गाडीत विजेची मोटर बसवली. लोक हसले, आणि मग ती गाडी पेट्रोलच्या गाड्यांना हरवू लागली. २००९ मध्ये त्याने कंपनी काढली. बॅटरी आणि मोटरींच्या विद्येत ती इतकी पुढे गेली की मोठमोठ्या कंपन्या तिच्या दारात आल्या. आपल्याकडच्या महिंद्रा समूहाच्या मालकीच्या ऑटोमोबिली पिनिनफारिना कंपनीने २०१९ मध्ये बतिस्ता नावाची १,९०० अश्वशक्तीची देखणी विजेची गाडी जगापुढे आणली. तिच्या पोटातले बॅटरी-मोटरींचे तंत्रही रिमात्सचेच. आणि २०२१ मध्ये बुगाटी आणि रिमात्स यांची मिळून एक कंपनी झाली, तिची सूत्रे या तरुणाच्या हाती आली.

आता सगळ्यांना वाटले, हा गडी बुगाटीतही बॅटरी घालणार. २०२४ मध्ये नवी बुगाटी आली. तिच्यात निघाले सोळा सिलिंडरचे, ८.३ लिटरचे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन! सोबतीला विजेच्या मोटरी आहेत, नाही असे नाही. एकूण १,८०० अश्वशक्तींपैकी आठशे त्या पुरवतात. पण गाडीचा प्राण म्हणजे ते इंजिन. गाडीला नाव दिले तूर्बियाँ. घड्याळ जेबीत उभे राहिले की गुरुत्वाकर्षणामुळे त्याची चाल चुकते, ती सावरण्यासाठी ब्रेगे या कारागिराने १८०१ मध्ये पेटंट घेतलेली एक नाजूक फिरती रचना म्हणजे तूर्बियाँ. या गाडीत चालकापुढचे काटे स्विस घड्याळजींनी बनवलेले आहेत.

रिमात्स यांनी त्याच वर्षी उघडपणे सांगितले की विजेच्या अतिवेगवान गाड्यांना वाटले होते तितके गिऱ्हाईक मिळत नाही. त्यांनी दाखला दिला तो घड्याळाचाच. हे आपल्यालाही पटण्याजोगे आहे. वेळ अचूक सांगण्यात सेलवरचे स्वस्त घड्याळ एचएमटीच्या चावीच्या घड्याळाला केव्हाच मागे टाकते. तरी वडिलांचे ते जुने घड्याळ कपाटात जपून ठेवणारी, रोज त्याला चावी देणारी माणसे आपल्या ओळखीची आहेत. त्यांना वेळ बघायची नसते, ते चालताना ऐकायचे असते. जी गोष्ट स्वस्तात, सहज आणि सगळ्यांना मिळू लागते, तिच्यासाठी कोणी कोट्यवधी रुपये मोजत नाही. विजेच्या मोटरीने वेगाचे नेमके हेच केले.

पुण्याजवळ चाकणला तयार होणारी महिंद्राची बीई ६ ही विजेची गाडी कंपनीच्या दाव्यानुसार ६.७ सेकंदांत शंभर गाठते. पन्नास वर्षांपूर्वी एवढ्या वेळात शंभर गाठणाऱ्या गाड्यांना जग स्पोर्ट्स कार म्हणत असे आणि त्या सिनेनटांच्या दारात उभ्या असत. आज तशीच चपळ गाडी एखादा अभियंता हप्त्यांवर घेतो आणि तिच्यातून मुलांना शाळेत सोडतो. वेग असा घरोघरी आल्यावर सुपरकारने मिरवायचे तरी कशाने?

उत्तर एकच उरते : मजेने. मग गाडी चालवण्याची मजा म्हणजे नेमके काय, हे शोधणे आले. ब्रिटनमध्ये राहणारे दक्षिण आफ्रिकेतले गॉर्डन मरे हे या विषयातले मोठे नाव. फॉर्म्युला वनच्या अजिंक्य गाड्या आणि १९९२ ची मॅक्लॅरेन एफ१ ही त्यांची निर्मिती. २०२० मध्ये त्यांनी टी.५० नावाची गाडी आणली. कमाल वेगाचा किंवा शून्य ते शंभरचा विक्रम करायचा नाही, असे ठरवूनच. वजन हजार किलोच्या आत, म्हणजे नेव्हेराच्या निम्म्याहून कमी. बारा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १२,१०० फेरे घेणारे. आणि हाताने टाकायचे गिअर, पायाने दाबायचा क्लच. स्वयंचलित गिअर वेगवान असतात हे ठाऊक असूनही. शंभरच गाड्या बनवायच्या होत्या, त्या लगेच विकल्या गेल्या.

पोर्शलाही हाच धडा आधी मिळाला होता. २०१३ मध्ये त्यांनी जीटी३ मधून हाताचे गिअर काढून टाकले, कारण घड्याळ म्हणत होते की स्वयंचलितच लवकर जाते. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली, आणि २०१७ मध्ये हाताचे गिअर सन्मानाने परत आले. हळू पण हाताने, हा पर्याय लोकांनी पैसे देऊन निवडला.

यामागचे कारण आपल्या घाटात गाडी चालवणाऱ्या कोणालाही कळेल. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात साधी, जुनी, सत्तर-ऐंशी अश्वशक्तीची गाडी चालवताना वेग असतो जेमतेम चाळीस. तरी मन गुंतून जाते. वळण यायच्या आधी गिअर खाली घ्यायचा, इंजिनाचा सूर चढतो तो ऐकायचा, पाऊल नेमके किती दाबायचे हे त्या सुरावरून ठरवायचे. गिअर चुकला तर गाडी कण्हते आणि शेजारी बसलेली व्यक्ती आपल्याकडे बघते. नीट जमले तर गाडी पाण्यासारखी वळते. आपण काही केले आणि गाडीने उत्तर दिले, असा तो संवाद असतो. मजा आहे ती या संवादात. पेट्रोलच्या सुपरकारचा आवाज, तिची थरथर, पूर्ण जोर यायला लागणारा तो क्षणभराचा उशीर, हे सगळे त्या संवादातले शब्द आहेत. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने यातले बरेचसे दोषच! पण बासरीतून निघणारी फुंकर काढून टाकली तर बासरी उरत नाही, तसे हे आहे.

विजेच्या गाड्या बनवणाऱ्यांना ही उणीव कळली आहे. ह्युंदाईने २०२३ मध्ये आणलेली आयॉनिक ५ एन ही साडेसहाशे अश्वशक्तीच्या घरातली विजेची गाडी. तिच्यात गिअर नाहीत, पण बटण दाबले की ती गिअर असल्याचे सोंग करते. स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो, गिअर बदलल्यासारखा हलका धक्का बसतो, वेळेवर गिअर बदलला नाही तर गाडी अडूनही बसते. सोंग इतके चांगले वठले आहे की भल्याभल्या परीक्षकांनी त्याला दाद दिली. फेरारीने २०२५ मध्ये आपल्या पहिल्या विजेच्या गाडीचे तंत्र दाखवले, तेव्हा वेगळी वाट धरली. मोटरीच्या भागांची खरीखुरी कंपने टिपायची आणि इलेक्ट्रिक गिटारसारखी मोठी करून ऐकवायची. आपल्या बीई ६ च्या आवाजांसाठी तर ए. आर. रहमान यांना पाचारण केले गेले.

मला यात फेरारीची वाट जास्त पटते. पहिल्या मोटारगाड्या घोडे काढून घेतलेल्या बग्गीसारख्या दिसत, कारण गाडी म्हणजे बग्गी अशीच लोकांची समजूत होती. विजेची गाडी आज त्याच अवस्थेत आहे. तिचे स्वतःचे सुख आहे, ते उसने आणायची गरज नाही. पायाच्या हालचालीला तिच्याइतके तत्काळ उत्तर पेट्रोलची गाडी देऊ शकत नाही. बॅटरी तळाशी असल्यामुळे ती वळणावर डुलत नाही. पहाटे रानातून जाताना खिडकी खाली केली तर पाखरे ऐकू येतात. घाट उतरताना पाऊल उचलले की गाडी आपसूक मंदावते आणि चढताना खर्च झालेल्या विजेतली थोडी परत बॅटरीत येते. हलकी बॅटरी मिळाली आणि कोणी गॉर्डन मरे यांच्यासारख्या दृष्टीने विजेची गाडी घडवली, तर मजेच्या बाबतीतही पेट्रोलवाल्यांची झोप उडेल. ती गाडी अजून यायची आहे.

श्रोतेहो, इथपर्यंत सगळे गमतीचे होते. आता थोडे गंभीर बोलू. यांतल्या बहुतेक गाड्या आपल्यापैकी कोणी विकत घेणार नाही, पण त्या ज्या रस्त्यावर धावतील तो रस्ता आपला आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका भरधाव गाडीने मोटरसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. एक तरुण, एक तरुणी. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांचे म्हणणे. त्या प्रकरणाबद्दल खूप लिहिले गेले. ती गाडी विजेवरची होती, नोंदणीही न झालेली, या गोष्टीकडे मात्र थोड्यांचेच लक्ष गेले. दोष गाडीचा होता असे मी म्हणत नाही. गाडी स्वतः निघत नाही, तिला कोणी तरी किल्ली देतो. पण या प्रकारच्या गाड्यांचा एक गुण इथे ध्यानात घ्यायला हवा.

पेट्रोलची सुपरकार वेग घेते तेव्हा ती ओरडून सांगते. कानठळ्या बसतात, आसन थरथरते, गिअर मागून गिअर पडतात. चालकाला आणि रस्त्यावरच्यालाही कळते की काही तरी दांडगे घडते आहे. विजेची गाडी हे काहीच सांगत नाही. अडीच-तीन सेकंदांत ती शंभरपार जाते आणि आत गाण्याची तान तशीच स्पष्ट ऐकू येत असते. ताशी शंभरने जाणारी गाडी सेकंदाला २८ मीटर कापते. समोर माणूस दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातोच, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ती २८ मीटर पुढे गेलेली असते. मग थांबायला आणखी चाळीस मीटर. आणि थांबवायचे असते ते दोन टनांचे धूड. युरोपात विजेच्या नव्या गाड्यांनी ताशी वीस किलोमीटरपर्यंतच्या मंद गतीत कृत्रिम आवाज करावा असा नियम आहे, तो पादचाऱ्यांसाठी. आत बसलेल्या चालकाला वेगाची जाणीव कोण करून देणार?

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांवर माणसे रस्त्यांवर मेली. सरकारी अहवालानुसार त्यांतल्या सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंमागे अतिवेग होता. तेव्हा बहुतेक गाड्या साध्या इंजिनाच्या होत्या. आता मध्यमवर्गाच्या गाडीतही जुन्या स्पोर्ट्स कारचा जोर येतो आहे, आणि तो चालवायला लागणारे कसब मात्र सोबत येत नाही. पूर्वी वेगवान गाडी चालवायची तर आधी ती चालवायला शिकावे लागे, नाही तर ती जागेवर बंद पडे. यंत्राच्या अडचणी हीच शाळा होती. ती शाळा आता बंद होते आहे. म्हणून दुसरी उघडावी लागेल. परवाना देताना जोरदार गाड्यांसाठी वेगळी परीक्षा असावी, नव्या चालकासाठी गाडीचा जोर संगणकातच मर्यादित करावा. विजेच्या गाडीत हे करणे अगदी सोपे आहे, कारण तिचा जोर मुळात संगणकाच्याच हाती असतो. ज्यांना वेगाची खरोखर हौस आहे त्यांच्यासाठी चेन्नई, कोइमतूर, ग्रेटर नोएडा इथे शर्यतीचे मार्ग आहेत. समृद्धी महामार्गावर मर्यादा ताशी १२० ची आहे. ती नेव्हेरालाही लागू आहे आणि तुमच्या-माझ्या गाडीलाही.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तरुण मित्र तुम्हाला मोबाइलवर एखाद्या गाडीचा सेकंदांचा आकडा दाखवेल, तेव्हा त्याचे कौतुक करा, आणि मग त्याला तीन प्रश्न विचारा. गाडीचे वजन किती? दहाव्या फेरीलाही ती इतकीच पळते का? आणि ती पळत असताना चालकाने स्वतः काय केले? पहिल्या दोन प्रश्नांवरून गाडी किती चांगली ते कळेल. तिसऱ्यावरून कळेल की त्या वेगात मजा होती की नुसताच आकडा. पेट्रोलचे दिवस हळूहळू सरतील, विजेचे येतील, ते यायलाच हवेत. पण गाडी चालवणारा माणूस गाडीत नुसता बसून राहणार नाही, सावधपणे ती चालवेल, एवढे जपले तर मजाही टिकेल आणि रस्त्यावरची माणसेही.